पार्किंगमधलं एम-थ्री

पत्र लांब होतं, थोडं कापून देतो.

"मी एम.एस्सी. गणित. तीन वर्षं झाली, एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या सेकंड इयरला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, शिकवते. वर्गात बहात्तर मुलं, त्यांतली निम्मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. मागच्या वेळी एकतीस जणांचा एम-थ्री राहिला. परवा फळ्यावर एक डिफरन्शियल इक्वेशन सोडवत होते, डी-स्क्वेअर अधिक चार डी अधिक तेरा. रूट्स आली −२ ± ३आय. उत्तर लिहून खाली दोन रेघा मारल्या. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, 'मॅडम, याचा उपयोग काय?' मी म्हटलं, 'पुढे कळेल.' खरं म्हणजे मलाच माहीत नाही. कारखाना मी आतून कधी पाहिलेला नाही. एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात, परीक्षेला येतील असे आयएमपी प्रश्न द्या, निकाल लावा, बाकीचं आमचे लोक बघतील. स्टाफरूममध्येही आम्हा गणितवाल्यांना 'फर्स्ट इयरचे' म्हणून बाजूलाच ठेवतात. मुलांना काय सांगू? आणि आयएमपी देऊ का?"

— एक शिक्षिका, सांगली जिल्हा

मॅडम,

'मलाच माहीत नाही' हे तुम्ही लिहून दिलंत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. आमच्या सरांनाही माहीत नव्हतं. पण विचारणाऱ्याला ते तासभर उभं करायचे, म्हणून आमच्यात कुणी विचारलंच नाही. तुमच्या वर्गात तो पोरगा विचारू शकला, हे मी तुमच्या बाजूचं धरतो.

आता त्या पोराला उत्तर देऊ. उद्या तासाला फळ्याकडे वळायच्या आधी सगळ्यांना पार्किंगमध्ये न्या. दोन मोटरसायकली शोधा, एक नवी आणि एक दहा-बारा वर्षं वापरलेली, जिच्या मागच्या शॉकअपमधून तेल गळून काळा ओघळ आला असेल अशी. गाडीवर एकाला बसवा. दुसऱ्याने मागून जोर लावून सीट खाली दाबायची आणि एकदम सोडायची. नवी गाडी वर येते, किंचित डुलल्यासारखं करते आणि बसते. जुनी मात्र खाली-वर, खाली-वर करत राहते. कुठलाही गॅरेजवाला गाडी हातात आली की हेच करून बघतो आणि म्हणतो, "शॉकअप गेलेत."

हे झालं की मग फळा. गाडीचं आणि माणसाचं मिळून मागच्या चाकावर येणारं वजन १०० किलो धरा. स्प्रिंग अशी, की एक सेंटिमीटर दाबायला साधारण वीस किलोचा भार लागतो, म्हणजे मीटरला २०,००० न्यूटन. पुस्तकातला 'के' तो हाच. उरलं शॉकअपमधलं तेल. ते हालचालीला अडवतं, आणि जितक्या वेगाने हलवाल तितकं जास्त अडवतं. या अडवण्याचा आकडा नव्या गाडीला २,००० धरा, गळक्या गाडीला ३००. (आकडे हिशेबाला सोयीचे घेतलेत, अमुक एका गाडीचे नाहीत. आणि खऱ्या शॉकअपमध्ये दाबतानाचा आकडा वेगळा, सुटतानाचा वेगळा असतो. डिप्लोमाचा एखादा पोरगा हे सांगेलच, त्याला सांगू द्या.)

समीकरण तेच, तुम्ही रोज लिहिता ते. डी-स्क्वेअरच्या मागे १००, डी-च्या मागे २,०००, आणि शेवटी नुसते २०,०००. मुलांनाच सोडवू द्या. नव्या गाडीची रूट्स येतात −१० ± १०आय. गळक्या गाडीची −१.५ ± १४.१आय.

आता इथे थांबा, पुढचं गणित घेऊ नका. मुलांना विचारा, या दोन उत्तरांत शॉकअप कुठला गेलाय? बहुतेक जण '१४' कडे बोट दाखवतील, कारण तो आकडा मोठा. पण वरखाली किती जलद होतं हे तो १४ सांगतो, आणि दोन्ही गाड्यांत तो फार वेगळा नाही. गोम पहिल्या आकड्यात आहे. −१० चा अर्थ असा, की डुलणं सेकंदाच्या तिसऱ्या भागात विसाव्या हिश्श्यावर येतं. −१.५ असेल तर त्याच कामाला दोन सेकंद लागतात, आणि त्या दोन सेकंदांत गाडी चारेक हेलकावे खाते. मघाशी पार्किंगमध्ये पोरांनी मोजले असतील तेवढेच, एखादा कमीजास्त.

आणि हाच शॉकअप आणखी घट्ट केला, तेलाचा आकडा २,८२८ च्या वर नेला, तर 'आय', म्हणजे उणे एकाचं वर्गमूळ, उत्तरातून जातो. हेलकावा नाही, गाडी नुसती सावकाश वर येते. तुमच्या एचओडींच्या केबिनच्या दाराला वर डोअर क्लोजर असेल तर तो बघा. दार आपटत नाही, झुलत नाही, हळूहळू लागतं. ती रिअल रूट्स. रिअल-अँड-डिस्टिंक्ट, रिअल-अँड-इक्वल, कॉम्प्लेक्स या तीन केसेस मुलं पाढ्यासारख्या म्हणतात. त्या तिन्ही कॉलेजच्या आवारात आहेत आणि तिकीट लागत नाही.

मग परवाच्या त्या गणिताकडे परत या. −२ ± ३आय म्हणजे दीड सेकंदात जवळजवळ शांत होणारी आणि तोवर एक हेलकावाही पुरा न करणारी वस्तू. पुस्तकाने त्या चाराला आणि तेराला नाव दिलं नव्हतं, एकक दिलं नव्हतं, म्हणून ते आकडे अनाथ होते. माझी पुस्तकाबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. एम-थ्रीच्या पुस्तकात किलो, मीटर, सेकंद शोधून सापडत नाहीत. मुलगा त्याच दिवशी दुपारी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या तासाला न्यूटन आणि मिलिमीटर लिहितो, आणि हे दोन विषय एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत हे त्याला चार वर्षांत कळत नाही.

मला ते कळायला कॉलेज सुटल्यावर अकरा वर्षं लागली. ती गोष्ट सांगतो, कारण तुमचं 'पुढे कळेल' मी स्वतः भोगलंय.

मी एका साखर कारखान्यात मेंटेनन्सला होतो. ऐन गळीत हंगाम, गव्हाणीत मोळ्या पडतायत, बाहेर बैलगाड्यांची रांग, आणि बॉयलरचा धूर ओढणाऱ्या आयडी फॅनने थरथरायला सुरुवात केली. पायाखालचं काँक्रीट हलत होतं. फिटर म्हणाला बेअरिंग. बेअरिंग बदललं. आठ तास गाळप बंद, चीफ इंजिनिअरच्या शिव्या खाल्ल्या. फॅन चालू केला, थरथर तशीच. मग पुण्याहून एक गृहस्थ सुटकेसएवढी पेटी घेऊन आले. चकतीसारखा सेन्सर बेअरिंगच्या घरावर चिकटवला आणि पाच मिनिटांत कागद काढून माझ्या हातात दिला. कागदावर आडवी रेघ आणि एकच उभा सुळका, सोळावर. बाकी सगळं सपाट.

"फॅन किती आरपीएमवर आहे?" त्यांनी विचारलं.

"नऊशे साठ."

"मग साठाने भागा."

सोळा. सेकंदाला सोळा फेरे आणि सेकंदाला सोळाच झटके, म्हणजे एका फेऱ्याला एक. एक बाजू जड झालीय. सुळका बत्तीसवर उंच असता तर त्यांनी आधी कपलिंगचं अलाइनमेंट बघायला सांगितलं असतं. बेअरिंग गेलं असतं तर फेऱ्यांच्या पटीत न बसणारे विचित्र आकडे दिसले असते. आम्ही केसिंग उघडलं. बगॅसची राख पात्यांवर बसून दगडासारखी झाली होती, आणि एका बाजूची खपली निघून पडलेली. उरलेली खरवडून काढली, फॅन गुपचूप फिरायला लागला.

संध्याकाळी चहा घेताना मी त्यांना विचारलं, हे उभे दांडे म्हणजे नक्की काय असतं? ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "फोरिअर. तुम्हाला नव्हता?"

होता. कुठलीही पुन्हा पुन्हा येणारी हालचाल साइन-कॉसच्या तुकड्यांत फोडायची ती रीत. एम-थ्रीत मला बासष्ट होते. त्या तुकड्यांचे आकडे, ए-नॉट, ए-एन, बी-एन, मी झोपेत काढून दिले असते. इव्हन फंक्शन असेल तर बी-एन शून्य, हेही पाठ. पण बेअरिंगच्या घराची थरथर हे एक फंक्शन आहे, आणि त्याचा ए-वन आणि बी-वन मिळून तो सोळावरचा सुळका बनतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आठ तास गाळप वाचलं असतं असा माझा दावा नाही, पेटी तर आमच्याकडे नव्हतीच. पण निदान बेअरिंग बदलायच्या आधी मी प्रश्न बरोबर विचारला असता.

तर तुमच्या मुलांना कमी पडतंय ते सोडवणं नाही. सोडवून तर आता मोबाइलही देतो. समोरची वस्तू समीकरणात कशी मांडायची आणि आलेलं उत्तर परत वस्तूत कसं वाचायचं, ही दोन टोकं आपण शिकवतच नाही. मधला भाग शिकवतो, तोही सहा युनिटांचा.

हे भांडण आजचं नाही. आयर्लंडमध्ये जन्मलेला जॉन पेरी नावाचा इंजिनिअर १८७५ ते १८७९ जपानमध्ये टोकियोच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता, नंतर लंडनमध्ये. १९०१ साली ग्लासगोच्या सभेत त्याने गणितवाल्यांना तोंडावर सांगितलं, की कारागिरीकडे जाणाऱ्या पोरांना युक्लिडच्या सिद्धता घोकायला लावू नका, मोजायला लावा, चौकटीच्या कागदावर आलेख काढायला लावा. आज शाळेत आलेखाची वही असते, त्यामागे त्याच्यासारख्यांचा हट्ट आहे. त्याच्याच वयाचा ऑलिव्हर हेविसाइड, दोघांचाही जन्म १८५० चा. हा सुरुवातीला तारखात्यात काम करणारा, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला. डी-ला, म्हणजे 'बदलाचा दर काढा' या खुणेला, साध्या अक्षरासारखं वागवून, त्याने भागून समीकरण सोडवायची रीत त्याने विजेच्या तारांसाठी अशी काही वापरली, की गणितज्ञ संतापले. रॉयल सोसायटीने त्याला १८९१ मध्ये फेलो करून घेतलं, आणि तीनच वर्षांनी त्याच्या या रीतीवरच्या लेखमालेचा पुढचा भाग छापायला नकार दिला. पुढे गणितज्ञांनीच त्या रीतीला लॅप्लेसच्या इंटिग्रलचा पक्का पाया घालून दिला, आणि तेच आता तुमचं दुसरं युनिट, लॅप्लेस ट्रान्सफॉर्म. पार्शल फ्रॅक्शनमध्ये एक कंस बोटाने झाकून बाकीच्यात आकडा टाकायची युक्ती मुलं वापरतात ना, तीही त्याच्याच नावाने ओळखतात. हेविसाइड पुढे कफल्लक झाला, तेव्हा १८९६ मध्ये त्याला वर्षाला १२० पौंडांची सरकारी पेन्शन मिळवून देणाऱ्यांत हाच पेरी होता. स्टाफरूममध्ये कुणी 'फर्स्ट इयरचे' म्हणालं, तर यातलं काही बोलू नका. पण मनात असू द्या, की तुमच्या फळ्यावरच्या अर्ध्या गोष्टी दोन्ही घरांनी मिळून बांधल्यात.

डिप्लोमाच्या मुलांबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, मला तिथे जास्त बोलायचंय. ही मुलं कच्ची आहेत असं सगळे धरून चालतात. डिप्लोमात गणित बहुतेक पहिल्या वर्षातच संपतं. मधे दोन वर्षं ड्रॉइंग, वर्कशॉप, प्रोजेक्ट. एम-वन, एम-टू त्यांनी केलेलंच नाही, आणि तुम्ही त्यांना पहिल्याच आठवड्यात इंटिग्रेशन-बाय-पार्ट्सच्या तोंडी देता. त्यांचे पेपर पुन्हा काढून बघा. ते लॅप्लेसमध्ये पडत नाहीत, अपूर्णांकात पडतात. एक भागिले एस-अधिक-दोन, त्यात एक भागिले एस-अधिक-तीन मिळवा म्हटलं, की खाली दोन एस अधिक पाच लिहून मोकळी होतात. याला लॅप्लेसचा जादा तास घेऊन काही होणार नाही. अर्ध्या तासाची एक चाचणी घ्या, आठवी ते अकरावीचं बीजगणित, लॉग, साइन-कॉसची चार सूत्रं, मार्क न देता. ज्याचं जिथे अडलंय तिथून पंधरा दिवस रोज दोन गणितं. बास. लाज वाटू नये म्हणून ही चाचणी बारावीवाल्यांनाही द्या. त्यांच्यातलेही दहा-बारा सापडतील, बघाच.

आणि याच मुलांनी शॉकअप खोललेला असतो. पिस्टनला भोकं असतात, तेल त्यातून जाताना अडतं, सील गेलं की काय होतं, हे त्यांच्या हाताला माहीत असतं. पार्किंगमध्ये त्यांना बोलू द्या, तुम्ही विचारा. तुम्हाला कारखाना माहीत नाही ही अडचण तिथे सोय होते. तुम्ही खरंच विचारताय हे मुलांना कळतं. थिअरी ऑफ मशिन्सच्या लॅबमध्ये व्हायब्रेशनचा एखादा सेटअप धूळ खात असेल, फक्त ओरलच्या दिवशी पुसला जाणारा. त्या लॅबच्या असिस्टंटशी ओळख करून घ्या. सरांपेक्षा त्यांच्याकडे किल्ली असते.

एक मात्र करू नका. 'ॲप्लिकेशन्स ऑफ लॅप्लेस ट्रान्सफॉर्म' नावाची पीपीटी, पहिल्या स्लाइडवर रॉकेट, दुसरीवर पूल, तिसरीवर एमआरआय मशीन. सगळ्या कॉलेजांत हीच फिरते. मुलं रॉकेटकडे बघतात आणि जेवणाच्या सुट्टीची वाट बघतात.

शिवाय प्रत्येक गोष्टीचा उपयोग सांगायला तुम्ही बांधील नाही. स्टोक्सचं प्रमेय मी तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही वापरलं नाही. ज्यांच्या सॉफ्टवेअरवर मुलं उद्या हवेचा प्रवाह बघणार आहेत त्यांनी वापरलं असेल, मी नाही. असं असेल तर तसं सांगा, मुलं खऱ्यावर रागवत नाहीत. आणि 'उपयोग काय' विचारणाऱ्यांतले निम्मे तरी 'मला कळलेलं नाही' हे जरा इभ्रतीने विचारत असतात, हेही ध्यानात ठेवा. ज्याचं गणित सुटलंय तो सहसा विचारत नाही.

आता आयएमपी. द्या. बिनधास्त द्या. पेपर तुम्ही काढत नाही, विद्यापीठ काढतं, आणि एकतीस घरांत एम-थ्री सुटला की नाही यावर पुढच्या वर्षाचा प्रवेश अडलेला असतो. तत्त्वासाठी मुलांच्या जिवाशी खेळू नये. पण टर्मवर्कचे मार्क तुमच्या हातात आहेत. तिथे दर गणिताखाली एक ओळ लिहायला लावा: हे उत्तर एखाद्या वस्तूचं असतं तर ती वस्तू काय करताना दिसली असती? दोन मार्क त्या ओळीला. पहिले दोन महिने मुलं एकमेकांची ओळ उतरवतील. उतरवू द्या, चुकीची ओळ उतरवली की ओरलला पकडा. एचओडींना हे 'सीओ-पीओ अटेनमेंट'च्या, म्हणजे मुलं काय शिकली हे कागदावर दाखवायच्या, तक्त्यात घालून दाखवा, तिथला एखादा रिकामा रकाना भरला की ते खूश होतात. आणि प्रत्येक तासाला पार्किंग नको, तुमचा सिलॅबस राहील. युनिटला एक पुरे.

जाताना एक. गाडी साइड स्टँडवरून सरळ उभी धरायला सांगा, डबल स्टँडवर लावू देऊ नका. मी व्हिजिटिंगला शिकवायला लागलो तेव्हा पहिल्याच वर्षी साठ पोरं उन्हात उभी केली, स्वतः जोर लावून सीट दाबली, आणि गाडी ढिम्म. डबल स्टँडवर मागचं चाक अधांतरी असतं, शॉकअपवर भारच नसतो. मागून एक डिप्लोमाचा पोरगा हळूच म्हणाला, "सर, के इन्फिनिटी झालाय का?"